राशीचं पहिलं माप

दार लावलं का रे? नुसती कडी नको, आडणा घाला. गजा, तू ऊठ, तू दाराशी बसलायस. हां. आता ऐका. मध्येच कुणी लघवीला जायचं म्हणालं तर मी गोष्ट तिथंच सोडीन. आधीच सांगून ठेवते.

तर ऐका. हौसा नावाची एक पोर होती. नऊ वर्षांची. हसताय कशाला? जगात हौसा काय एकच असते? गप ऐका.

ह्या हौसाला एक आजी होती, कोंडाबाई. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापानं सुपातल्या कोंड्यावरून नाव ठेवलं. कुणाची नजर जाऊ नये म्हणून! तोंड मिशरीनं काळं, उजवी करंगळी विळा लागून वाकडी झालेली, आणि कमरेला कायम बटवा. बटव्यात दोन कप्पे. एकात नाळ कापायचं पातं आणि दोरा, कारण अख्ख्या गावाची सुईण ती. आणि दुसऱ्या कप्प्यात गुळाचा खडा. तो फक्त हौसासाठी. दुसरं कुणाचं पोर मागायला आलं तरी नाही म्हणायची बाई! बाहेरगावचे पाहुणे हौसाला विचारायचे, तू कुणाची गं? तर ही आईबापाचं नाव नाही सांगायची. म्हणायची, मी आज्जीची.

आता खळं म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. तुम्हाला कुठलं माहीत! तुमच्याकडं मशीन येतं, धुरळा करतं, पोती भरून मोकळं होतं. तेव्हा रानातच जागा चोपायची, शेणानं सारवायची, मधोमध मेढ रोवायची, तिच्याभोवती बैलं फिरवून कणसं मळायची. मग वाऱ्यावर उफणायचं. मग पडते ती रास! पिवळीधमक शाळूची, हातभर उजेड पडावा अशी. राशीभोवती राखेची गोल रेघ ओढायची. त्या रेघेच्या आत पायताण न्यायचं नाही, शिवी द्यायची नाही. आणि बाहेरचं काही... कळलं ना, बाहेरचं... त्याला ती रेघ ओलांडता येत नाही.

आणि रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. काय म्हणतात? जवळ सरका. अजून जवळ. 'लाभ' म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. पण पहिला शब्द ओठातल्या ओठात. राखेबाहेर ऐकू जाता कामा नये. दोनपासून पुढं खुशाल बोंबला.

हौसानं विचारलं होतं, असं का गं आज्जे?

"लक्षुमी पहिलं पाऊल टाकती तवा गलका करू ने," आजी म्हणाली. "तिला लाज वाटती."

शाळेचं तोंड दोघींनी पाहिलेलं नव्हतं. हौसा आकडे शिकली ती अशी, खळ्यावर, आजीच्या मांडीला टेकून. आणि रात्री वाकळेत शिरल्यावर भीती वाटली, कोल्हा ओरडला, तर आजी तिच्या पाठीवर थापटत मोजायची. पहिली थाप मुकी, नुसते ओठ हलायचे. मग दोन... तीन... चार... दहाच्या आत पोर झोपायची. असं मोजमाप होतं दोघींचं.

बरं. फाल्गुन होता. शिमगा होऊन गेलेला, अंधारा पाख लागलेला. त्या दिवशी दुपारी रास झाली. आजीनं पहिलं माप भरलं, त्यातला एक पसा काढला, हौसाच्या परकराच्या ओच्यात गाठ मारून दिला.

"ह्यो द्येवाचा. घरी गेल्या गेल्या देवाफुडं ठेव. इसरू नको हां, भवाने."

"न्हाई इसरत."

वारं पडलं, थोडं उफणायचं राहिलं, तेव्हा बाकीचं मोजायचं उद्यावर गेलं. आजी राखणीला खळ्यावरच थांबली. हौसा घरी आली. आणि विसरली की हो! का विसरली? तर घरात पाऊल टाकलं आणि आतून आईचा आवाज आला. असला आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

आईचं नाव मालन. दिवस भरत आलेले, पण अजून पंधरा दिवस होते. म्हणून तर बाप बहिणीला आणायला गाडी जुंपून सकाळीच गेला होता. आणि इकडं दिवस मावळायला कळा सुरू! हौसाच्या पाठीवर दोन झालेली, दोन्ही गेलेली. पहिल्याच्या वेळी आजी परगावी होती. दुसरं आजीच्या हातात आलं ते आधीच निळं पडलेलं. हे तिसरं.

शेजारची सुंद्राकाकू होती घरात. घामानं डबडबलेली.

"हौसे, पळ! म्हातारीला घिऊन ये. प्वार आडवं आलंय. माझ्यानं न्हाई व्हायचं हे."

आईनं पदर दातात धरलेला. तो सोडून म्हणाली, "आज्जीला आन गं बाई. तिच्याबिगार ह्यो बी जायचा."

घरोघरची गडीमाणसं आपापल्या खळ्यावर. पाठवायचं कुणाला? हौसानं कंदील उचलला आणि निघाली.

वाटा दोन. एक गाडीवाट, लांबून वळसा घेणारी. दुसरी ओढ्यातून उतरून बाभळीच्या बांधानं, निम्म्यात पोचवणारी. आजीनं शंभर वेळा बजावलेलं, दिवेलागणीनंतर बांधावर पाय टाकायचा नाही. पण आई ओरडत असताना लांबची वाट कोण धरतं? तुम्ही धराल? धरली बांधाची वाट.

ओढा उतरली. चढली. बांधाला लागली. एक मोठी बाभळ, तिला लोंबकळणारा सुगरणीचा खोपा. ती ओलांडली. चालली, चालली, चालली. समोर बाभळ. तिला खोपा. असतील दोन बाभळी, म्हणाली. पुन्हा चालली. पायात काटा मोडला तो उपटून चालली. कंदील वर केला, तर बाभळ! तोच खोपा! आणि खाली, मातीत, तिचाच मघाचा पाय उमटलेला.

चकवा!

रडावं वाटलं पोरीला. पण आजीनं सांगून ठेवलेलं होतं, चकवा लागला तर पळायचं नाही, बसायचं. वाट फिरत असती, आपण फिरायचं न्हाई. बसली ती फतकल मारून बांधावर. मोजायला लागली. पहिलं माप ओठात. मग मोठ्यानं, दोन... तीन... चार... दहा झाल्यावर उठली. बघते तर बाभळ मागं आणि बांध सरळ सुतासारखा. सुटले बाई! म्हणाली, आणि धावायला लागली.

पण ऐका. ती मोजत होती तेव्हा कुणीतरी ऐकत होतं.

मागून हाक आली. "हौसेऽऽ!"

आजीचा आवाज! पण रातच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. ती गप्प.

"हौसेऽऽ!"

गप्प. बाहेरचं असलं तर त्याला तिसरी हाक मारता येत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातंय!

"हौसेऽऽ! आगं थांब की, ढवळ्यापवळ्याची शर्यत लावलीस व्हय?"

तिसरी! आणि अशी चिडवून! आजीशिवाय असं कोण बोलणार? हौसाच्या तोंडून निघून गेलं, "ओऽऽ! आज्जेऽऽ!"

आली की हो आजी. काठी टेकत, वाकलेली. पोर हुशार होती, आधी कंदील खाली धरला. पाय बघितले. सुलटे! तुम्हाला कुणी सांगितलं ना, पाय उलटे असतात म्हणून? सुलटे होते. करंगळी बघितली. वाकडी! मिशरीचा वास आला. कमरेला बटवा. मग काय, जाऊन कमरेला मिठीच मारली तिनं. भीती कुठल्या कुठं गेली.

"आज्जे, आईला कळा लागल्यात! प्वार आडवं आलंय!"

"ठावं हाय. म्हणून तर निगाले. चल. माझा हात धर आन घरात न्हे मला."

धरला हात. निघाल्या दोघी गावाकडं. आजी एरवी पुढं आणि हौसा मागं दुडकत, अशी चाल असायची. आज आजी एक पाऊल मागं. पोरीनं मनावर घेतलं नाही. म्हातारी दमली असेल, म्हणाली.

आता एक सांगते, नीट ऐका. बाळंतिणीच्या घराकडं असल्यांचं फार लक्ष असतं. पण आपल्या आपण उंबरा ओलांडता येत नाही. घरच्या माणसानं हाताला धरून न्यावं लागतं.

ओढा आला. उतरल्या, चढल्या. गावाचे दिवे दिसायला लागले. रोज ह्या जागी कुत्री भुंकत अंगावर येतात. आज एक कुत्रं नाही. हौसा आजीच्या अंगाला सरकली.

"आज्जे, गूळ दे की."

"हाय की. घे."

तिनं तळहातावर खडा ठेवला. हौसानं तोंडात टाकला. माती! थुंकली. बटव्यात ढेकूळ कसं गेलं म्हणायचं हे? तेवढ्यात घराकडनं आईची किंकाळी आली.

"आज्जे, लई भ्या वाटतंय गं. मोज की."

आजीनं तिच्या पाठीवर थाप मारली. थाप अगदी तशीच. आणि म्हणाली,

"एक... दोन... तीन..."

हौसाच्या अंगावर सरसरून काटा आला.

कळलं का? त्याला आजीची करंगळी दिसली होती, ती घेतली. आवाज ऐकला होता, तो घेतला. पण राखेच्या आत त्याला कधी शिरता आलं नव्हतं. बाहेर उभं राहून ऐकायचं, तर त्याच्या कानावर पडायचं ते दोनपासून. बांधावर पोर मोजत बसली, तेव्हाही दोनपासूनच. दोनच्या आधी काय? एकच असणार, नाही का! त्यानं आपलं एक लावलं.

दार वीस पावलांवर. खिडकीतून सुंद्राकाकूची सावली दिसतीय. आणि हाताला हे! हात सोडवायला बघितला, तर पंज्याची पकड घट्ट झाली. कातडं पोळेल इतकी घट्ट.

"थांबलीस का गं? चल की. न्हे मला. न्हे."

आवाज आजीचाच. पण आता त्याला घाई झालेली.

ओरडावं तर सुंद्राकाकू दार उघडून हौसाला आत ओढणार, आणि तिच्या हाताला धरून हेही आत! ओरडायचं नाही. मग करायचं काय? पोटाशी काहीतरी टोचलं. गाठ! देवाचा पसा! विसरली होती ना ठेवायला? बरं झालं विसरली ते! डाव्या हातानं गाठ चाचपली, दातानं सोडली, चिमूट काढली. राखेच्या आतला दाणा. पहिल्या मापातला.

"आज्जे, हात पसर. तुला काय तरी देती," म्हणाली. आणि ओठातल्या ओठात तो शब्द घेऊन दाणे त्या तळव्यावर दाबले.

वाळलं चिपाड मोडावं तसा आवाज झाला. कड्! पंजा सुटला.

तिनं वळून बघितलं नाही. कंदील तिथंच पडला. पळत सुटली ती उलटी, ओढ्याकडं, त्याच बांधावर, मिट्ट काळोखात! कारण आजी अजून खळ्यावरच होती ना, खरी! तिला आणायचं काम तसंच राहिलेलं. घर वीस पावलांवर असताना पोर अंधाराकडं पळाली. तुमच्यातला एकजण पळाला असता का, सांगा.

आणि मागून हाक आली. ह्या वेळी आईची.

"हौसाऽऽ! कुटं चाललीस गं मला टाकून? मी मरती गं! माघारी ये!"

आई खरंच हाका मारत असेल तर? कुणी सांगावं? ऊर फुटायला आला पोरीचा. रडत होती, पण पाय थांबवले नाहीत. मोजत होती. ओठात पहिलं, मग दोन, तीन, चार, पुन्हा ओठात पहिलं. दहाच्या पुढं जायचं सुचत नव्हतं. बाभळ एकदाच आली. एकदाच गेली.

खळं दिसलं. आगटी धुमसत होती, तिच्या तांबड्या उजेडात रास, आणि राशीला टेकून आजी.

"आज्जेऽऽ!"

"थांब!" आजी काठी उगारून उभी राहिली. "रेघंच्या भाईर थांब! हौसा हाईस तर आत ये. रेघ वलांड."

हौसा ओलांडून आली.

"कानात सांग. पैलं माप काय?"

पोरीनं आजीच्या मानेला मिठी घालून कानात सांगितलं. आजीनं काठी टाकली. अशी आवळून धरली पोरीला, अशी आवळून धरली की दोघींची हाडं वाजली.

"मघा एक हौसा आलीवती," आजी म्हणाली. "तुझ्यावानीच. आईला कळा लागल्यात म्हनली, भाईर ये म्हनली. म्या म्हनलं, आत येऊन सांग. रेघंभवती घिरट्या घालत बसली, पर आत येईना."

"आज्जे, कळा खऱ्या लागल्यात गं!"

झालं! आजीनं आगटीतला कडब्याचा पेटता पेंडका उचलला, रेघ न मोडता तिच्यावरची मूठभर राख पदरात बांधली, आणि राशीकडं पाठ केली. वर्षाची रास! घरातल्या सगळ्यांचं सालभराचं पोट. उघड्या रानात एकटी टाकून.

हौसा म्हणाली, "रास?"

"राशीला राखनारा हाय वर. माझ्या सुनंला कोन हाय?" आजी म्हणाली. आणि बटव्यातून गुळाचा खडा काढून पोरीच्या तोंडात कोंबला. गोड! गूळच होता!

गाडीवाटेनं निघाल्या. चुडीचा भडका, आजी पुढं, हौसा मागं दुडकत, दोघी एका सुरात मोजत. आणि तिकडं लांब, बाभळीच्या अंगानं, तिसरा आवाज लागला. बारीक. शिकल्यासारखा.

"एक... दोन... तीन..."

आजी थबकली. आता आमच्या आजीची खोड माहितीय का, चुकीचं मोजलेलं तिला खपायचं नाही. बाजारातल्या माणसाला सुद्धा भर रस्त्यात सुधारायची. तिकडं तोंड करून म्हणाली, "आरं चुकतंयस मुडद्या, पैलं माप..."

हौसानं उडी मारून तिचं तोंडच दाबलं! तो शब्द सांगत होती बघा आजी, त्याला! मग आजीच्या ध्यानात आलं. आणि असं हसू फुटलं म्हातारीला, चूड हातात गदगदा हलायला लागली. भीती ती काय, दोघी हसतच गावात शिरल्या.

घरात शिरताना आजीनं उंबऱ्यावर राख ओढली, हात धुतले, आणि सुंद्राकाकूला म्हणाली, "सर बाजूला." त्यानंतरचं हौसानं बघितलं नाही, ऐकलं. आईचं कण्हणं. आजीचं, "ये रं माझ्या राजा, सरळ ये, वाट चुकू नगंस." मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मग पाठीवर थापटल्याचा आवाज. पहिली थाप मुकी. मग, दोन... तीन... चार... पाच...

सहाला टाहो फुटला!

सुंद्राकाकू मटकन खाली बसली. आई रडत होती, आणि हसत होती. हौसा धावत देवापाशी गेली, ओच्यातले उरलेले दाणे ठेवले, आणि तिथंच झोपली.

सकाळी बाप गाडी घेऊन आला, सगळे खळ्यावर गेले. रास जशीच्या तशी. दाणा हललेला नाही. राखेची रेघ तशीच. फक्त रेघेच्या बाहेरून, गोल, रात्रभर कुणीतरी फिरल्यासारखी पावलं. लहान पोरीची. हौसानं आपला पाय एकावर ठेवून बघितला. तंतोतंत बसला.

तर असं. ते पोर जगलं का विचारताय? मघापासून कोपऱ्यात बसून शेंगा कोण फोडतंय? तुमचे हिंदुराव मामाआजोबा! अरे हिंदुराव, ऐकू आलं का? नाही आलं. बहिरा आहे आता. पण जन्मला तेव्हा काय आवाज होता मेल्याचा, चार खळ्यांवर ऐकू गेला.

हां, म्हणजे हौसा मीच. कळलं होतं ना तुम्हाला? मग मघाशी हसलात कशाला?

आता तो बांध अर्धा पाटात गेला, तिथनं रस्ता झालाय म्हणे. बाभळ आहे अजून. गजा, तुझी मोटारसायकल असो नाहीतर विमान असो, दिवेलागणीनंतर त्या अंगाला जायचं नाही. जवळ पडतं म्हणून जाल. मीही जवळ पडतं म्हणूनच गेले होते. ते अजून आहे तिथं. इतक्या वर्षांत सगळं शिकलं असेल, तुमचे आवाज, तुमच्या चाली, तुमची ती गाणी. एक शब्द तेवढा त्याच्या कानावर पडलेला नाही. म्हणून आधी दार लावायला सांगितलं.

चला, काढा आडणा. ज्याला जायचंय त्यानं जाऊन या. दोघं दोघं जा. आणि परत आल्यावर मी उंबऱ्यात उभी असणार आहे. प्रत्येकाला विचारणार. सांगायचं, आणि मगच आत यायचं.

कानात हं. हळू.